आधुनिक जग : एकूण गुण शंभर

अभिनंदन! बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला तुम्ही इतिहास घेतला आहे आणि ‘आधुनिक जगाचा इतिहास’ नावाचा पेपर तुमच्या वाट्याला आला आहे. घाबरायचं कारण नाही. या पेपरात आजवर हजारो मुलं उत्तीर्ण झाली आणि त्यांतल्या फारच थोड्यांना जगाचा त्रास झाला. तुम्हालाही होऊ नये, एवढ्यासाठी ही मार्गदर्शिका.

पहिलं काम नातेवाइकांचा बंदोबस्त. ‘इतिहास? बरं. मग पुढं काय?’ हा प्रश्न लग्नात, बारशात आणि क्वचित तेराव्यालाही विचारला जातो. त्यावर नेपोलियन सांगत बसू नये. ‘यूपीएससी’ असं एका शब्दात उत्तर द्यावं. ते खोटंही नाही. २०१३पासून मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास आहेच. हा शब्द उच्चारला की खोलीतला सूर बदलतो, मावशी आणखी एक लाडू वाढतात, आणि पुढची तीन-चार वर्षं तुम्हाला कुणी काही विचारत नाही.

खरेदी

आता पुस्तकं. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते आणि तिच्यात एरिक हॉब्सबॉम असतो. या गृहस्थाने १७८९ ते १९१४ हे एक लांबलचक शतक धरून त्यावर तीन ग्रंथ लिहिले आणि १९१४ ते १९९१ हे आखूड शतक धरून चौथा. चारही ग्रंथ तुमच्या कॉलेजात आहेत. काचेच्या कपाटात, ‘फक्त संदर्भासाठी’ अशा चिठ्ठीखाली. कपाटाला कुलूप आहे, किल्ली ग्रंथपालांकडे आहे आणि ग्रंथपाल निवडणुकीच्या कामावर आहेत. काचेतून नाव वाचता येतं, तेवढं पुरे. उत्तरात ‘हॉब्सबॉमच्या मते’ असं लिहून पुढं आपलंच मत लिहावं. उत्तर तपासणाऱ्यांच्या कॉलेजातही ग्रंथपाल निवडणुकीच्याच कामावर असतात.

खरं काम गाइडचं. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात जा, इतरत्र असाल तर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. गाइड चांगलं की वाईट हे पाहू नका, शेवटी अपेक्षित प्रश्नसंच आहे की नाही ते पाहा. एकाच गाइडात व्हर्साय, वर्साय आणि व्हर्सेल्स असे तीन तह भेटतील. तह एकच आहे. तिन्हींवर वेगळ्या टिपा लिहू नका.

मराठीत वाचण्यासारखी पुस्तकं नाहीत असं मात्र समजू नका. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आहे, वि. स. वाळिंबे यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ आहे, गोविंद तळवलकरांचं सोव्हिएत साम्राज्यावरचं पुस्तक आहे, अरुण साधूंचं ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ आहे. तळवलकर आणि साधू तर वर्तमानपत्रवाले. विद्यापीठांनी न केलेलं काम यांनी रात्रपाळ्या सांभाळून केलं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही पुस्तकं धोकादायक. रात्री उघडावीत तर पहाट होते, आणि परीक्षेला येणारा मुद्दा एकही हाती लागत नाही. कारण त्यांत कारणं क्रमांक घालून छापलेली नाहीत.

आधुनिक म्हणजे कधीपासून

यावर विद्वानांत वाद आहे. कुणी १४५३ म्हणतं, कारण त्या साली कॉन्स्टँटिनोपल पडलं. कुणी कोलंबसासाठी १४९२ धरतं, तर कुणी फ्रेंच राज्यक्रांतीसाठी १७८९. तुम्ही वादात पडू नका. आधुनिक जग अभ्यासक्रमाच्या घटक क्रमांक एकपासून सुरू होतं.

ते संपतं कुठं, हा प्रश्न त्याहून सोपा. कागदावर ते सोव्हिएत संघाच्या विसर्जनापर्यंत, म्हणजे डिसेंबर १९९१पर्यंत जातं, आणि नव्या अभ्यासक्रमांत त्याच्याही पुढं. प्रत्यक्षात ते हिटलरपाशी संपतं. डिसेंबरात सत्र सुरू होतं, जानेवारीत डेज आणि स्नेहसंमेलन, मग एनएसएसचं शिबिर, मग प्रात्यक्षिकवाल्यांना वर्ग हवे असतात. सर धापा टाकत १९४५ गाठतात. मग उरलेलं ‘समकालीन जग’ दोन तासिकांत, आणि त्यांतली एक रविवारी सकाळची जादा तासिका. जगाने शीतयुद्ध चार दशकांहून जास्त काळ सोसलं. आपल्याकडे ते दीडशे मिनिटांच्या वर कधी गेलं नाही.

कारणं, कारणं आणि कारणं

इथं नीट लक्ष द्या, कारण सगळा पेपर यावर उभा आहे. विद्यापीठाच्या इतिहासात घटना घडत नाही. आधी तिची कारणं असतात, नंतर तिचे परिणाम असतात, मधली जागा कोरी. ‘पहिल्या महायुद्धाची कारणे व परिणाम लिहा.’ महायुद्ध नाही लिहिलंत तरी चालेल. चार वर्षं खंदकांत चिखलात माणसं काय करत होती, हे कुणीही विचारलेलं नाही.

कारणांचे प्रकार ठरलेले आहेत : राजकीय, सामाजिक, आर्थिक, धार्मिक किंवा वैचारिक, आणि शेवटी तात्कालिक. हा साचा फ्रान्सला चालतो, रशियाला चालतो, चीनला चालतो. धार्मिक कारण सापडलं नाही तर राजकीयातलंच एक उचलून तिथं ठेवावं. तात्कालिक कारण मात्र एकाच ओळीत उरकायचं. ‘साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला.’ बास. (ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया, तसंच सर्बिया आणि सायबेरिया, यांतला फरक परीक्षेच्या आदल्या रात्री एकदा पाहून ठेवावा.)

या एका ओळीत काय मावत नाही, ते फक्त तुमच्या माहितीसाठी सांगतो. २८ जून १९१४ला सकाळी युवराज फ्रान्झ फर्डिनांडच्या मोटारीवर एकाने बॉम्ब टाकला. तो मागच्या गाडीखाली फुटला. टाकणाऱ्याने विष घेतलं, पण त्याने तो मेला नाही. त्याने नदीत उडी मारली, तर नदीला बुडण्याइतकं पाणी नव्हतं. युवराज नगरभवनात गेला, सत्कार झाला, आणि मग त्याने जखमींना भेटायला इस्पितळात जायचं ठरवलं. त्यासाठी मार्ग बदलला. तो बदल चालकाला कुणी सांगितलाच नाही. त्याने ठरल्याप्रमाणे वळण घेतलं, मागून आरडाओरडा झाला, त्याने गाडी थांबवली. ती थांबली नेमकी त्याच कटातल्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या पुढ्यात. एकोणीस वर्षांचा पोरगा, दोन गोळ्या. युवराज गेला आणि त्याची बायको सोफीही गेली. वय वीसच्या आत भरलं म्हणून प्रिन्सिपला फाशी झाली नाही. १९१८च्या एप्रिलमध्ये तो तुरुंगात क्षयाने मेला.

खुनानंतर बरोबर महिन्याने, २८ जुलैला, ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. मधल्या तीस दिवसांत व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस आणि लंडन इथं तारांचा नुसता पाऊस पडत होता, आणि निदान डझनभर माणसांना ‘थांबा’ म्हणता आलं असतं. ती का थांबली नाहीत, यावर शंभर वर्षं ग्रंथ निघतायत आणि इतिहासकारांचं अजून एकमत नाही. हे सगळं उत्तरपत्रिकेत लिहिलंत, तर ‘विषयांतर’ असा लाल शेरा मिळेल.

फ्रेंच राज्यक्रांतीसाठी राजा दुर्बल, राणी उधळी आणि तत्त्वज्ञ थोर, एवढं ठेवा. सरकारी महसुलाचा निम्म्याच्या आसपास भाग जुन्या कर्जाच्या व्याजावर जात होता आणि त्या कर्जात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीचा मोठा वाटा होता, म्हणजे दुसऱ्याच्या क्रांतीला पैसे पुरवता पुरवता राजा स्वतःच्या क्रांतीपाशी आला, ही गंमत आर्थिक कारणांत दोन ओळींच्या वर नेऊ नका. ‘भाकरी नसेल तर केक खा’ हे मात्र जरूर लिहा. परीक्षकांना ते आवडतं. रूसोने आपल्या आत्मचरित्रात अशा अर्थाचं बोलणं कुठल्याशा राजकन्येच्या तोंडी घातलंय. पण त्याने ते लिहिलं तेव्हा, ज्या राणीच्या नावावर ते खपतं ती मारी आंत्वानेत व्हिएन्नात वाढणारी लहान मुलगी होती आणि फ्रान्समध्ये आलेलीही नव्हती. हे परीक्षकांना सांगू नये. बॅस्तीयच्या किल्ल्यातून जनतेने हजारो कैदी सोडवले असं लिहिण्याचा मोह मात्र आवरा. १४ जुलै १७८९ला तिथं सातच कैदी होते.

तारखा पाठ करण्याची सोय

तारखांत काटकसर करता येते. २८ जून एकदा पाठ केली की साराजेव्होही झालं आणि व्हर्सायचा तहही झाला. तहावर सह्या १९१९ साली त्याच तारखेला झाल्या. त्याहून किफायतशीर तारीख ९ नोव्हेंबर. १९१८ साली त्या दिवशी जर्मन कैसरने गादी सोडल्याचं जाहीर झालं. १९२३ साली म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव फसला. १९३८ साली त्याच रात्री ज्यूंची दुकानं फुटली आणि प्रार्थनास्थळं जळली. आणि १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली. एका तारखेत चार टिपा, म्हणजे वीस गुण.

भिंत उघडली तीही सरकारी गलथानपणाने. पूर्व जर्मनीचा प्रवक्ता गुंटर शाबोवस्की प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद पत्रकारांपुढं वाचत होता. हे लागू कधीपासून, असं कुणीतरी विचारलं. त्याला ते नीट सांगितलेलं नव्हतं. त्याने कागद चाळले आणि माझ्या माहितीप्रमाणे लगेच, असं सांगून टाकलं. रात्री हजारो लोक नाक्यांवर जमले आणि पहारेकऱ्यांनी अखेर फाटकं उघडली. ज्याला आपल्या विद्यापीठांची परिपत्रकं ठाऊक आहेत, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही.

ऑक्टोबर क्रांतीपासून मात्र सावध. ती ७ नोव्हेंबर १९१७ला झाली. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना होती, ती तेरा दिवस मागे. त्या हिशेबाने तारीख पडते २५ ऑक्टोबर. त्याच न्यायाने फेब्रुवारी क्रांती मार्चमध्ये झाली. तोंडी परीक्षेत हे अडखळत सांगितलं तरी बाहेरच्या परीक्षकांवर चांगली छाप पडते.

जग कुठं असतं

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. जग म्हणजे भारत सोडून उरलेलं सगळं. भारताचा पेपर वेगळा आहे, त्याचा वार वेगळा आहे आणि त्याचे सरही वेगळे आहेत. जगाच्या पेपरात भारत आणू नका. भारताच्या पेपरात जग आणू नका.

हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण जग पायात पायात येतं. समजा, तुम्ही मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या जुन्या ग्रंथालयात अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचं प्रकरण वाचत बसलात. डोक्यावर राजाबाई टॉवर. मान वर करू नका. हा मनोरा ज्यांनी आपल्या आईच्या नावाने उभारायला पैसे दिले, त्या प्रेमचंद रायचंद यांची भरभराट त्याच युद्धात झाली. १८६१ साली उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाड-खानदेशातल्या बोंडांचं मुंबईत सोनं झालं. शेअरबाजाराने ताळ सोडला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपनीचे शेअर लोकांनी समुद्र जागच्या जागी असताना घेतले. १८६५च्या एप्रिलमध्ये तिकडे जनरल लीने शरणागती पत्करली, इकडे कापूस कोसळला, आणि खुद्द प्रेमचंदही बुडाले. दिलेल्या देणगीतून मनोरा १८७८ साली पुरा झाला. मधल्या काळात, १८७५च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखती जाळली. त्याला वाढलेला सारा आणि इतर कारणंही होतीच, पण कापसाच्या तेजीत घेतलेलं कर्ज मंदीत फेडायची पाळी आली, हेही एक होतं. आता हे कुठल्या पेपरात लिहिणार? जगाच्या पेपरात अमेरिकेचं युद्ध लिंकनपाशी संपतं. भारताच्या पेपरात दख्खनचे दंगे सावकारापासून सुरू होतात. मधला मनोरा दोन पेपरांच्या फटीत पडतो. रोज टोले देतो, पण त्याला गुण नाहीत.

अफूच्या युद्धाचं तसंच. ‘नानकिंगचा तह, १८४२, पाच बंदरं खुली, हाँगकाँग ब्रिटिशांना’ एवढं लिहा आणि थांबा. ज्या अफूवरून ते युद्ध झालं तिच्यातली बरीचशी माळव्याची होती आणि मुंबई बंदरातून चीनला जात होती, हे लिहू नका. त्या व्यापारातलं एक मोठं नाव जमशेटजी जीजीभाई, ज्यांच्या नावाच्या इस्पितळात तुमची आत्या कदाचित बाळंत झाली असेल, हेही लिहू नका. तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर, आणि ती नौका १८१३ साली मुंबईच्याच गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली होती. टीप लिहा पाच गुणांची, आणि मुंबईचं नाव एकदाही येऊ देऊ नका. सवयीने जमतं.

असे खड्डे अनेक आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि त्याची दखल लेनिनने लिहून घेतली. व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सही आहे बिकानेरच्या महाराजांची. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. १९६२च्या ऑक्टोबरात जग क्युबाकडे श्वास रोखून बघू लागलं त्याच सुमाराला चीनने २० तारखेला आपल्यावर हल्ला केला, आणि त्या धक्क्यातून नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे वाक्य प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे, क्युबा कुणाला आठवत नाही.

गोव्याचे विद्यार्थी तर फारच अडचणीत. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला आणि तो सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून पाडला. पोर्तुगालने गोव्यावरची भारताची सत्ता मान्य केली ती १९७४ साली, लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी तिथली हुकूमशाही उलथवल्यानंतर. शीतयुद्ध आणि वसाहतींचा शेवट या दोन घटकांना याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही. म्हणूनच ते वगळायचं. गाइडात अंगोला आहे, अंगोला लिहा.

काकांशी सामना

जगाच्या इतिहासाची खरी तोंडी परीक्षा घरीच होते. प्रत्येक घरात निदान एक काका असतात ज्यांना हिटलर आवडतो. ‘माणूस वाईट असेल, पण शिस्त बघ!’ हे वाक्य वरण-भातावर तूप पडायच्या सुमाराला येतं. स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या ठेल्यावर ‘माझा लढा’चे गठ्ठे असतात, यशाचे सात मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी, ते या काकांसाठी.

साठ लाख ज्यूंचा आकडा सांगून उपयोग होत नाही. काका म्हणतात, आकडे फुगवतात. त्यापेक्षा त्यांनीच विकत घेतलेलं पुस्तक मागून घ्या आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यावरचा मजकूर काढून द्या. हिटलरने त्यात आपल्या स्वातंत्र्यवाल्यांची टर उडवली आहे आणि हिंदुस्थान दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात राहिलेला बरा, असं स्वच्छ म्हटलंय. १९४२च्या मे महिन्यात सुभाषबाबू त्याला भेटले, तेव्हा त्यांनी हा मजकूर त्याच्यापुढं काढला होता. काका पुस्तक मिटतील आणि ताक मागतील. वाद जिंकला असं समजू नका. पुढच्या रविवारी मुसोलिनी आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या आहेत.

उत्तरपत्रिका

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टिपा आधी लिहू नयेत, वेळ जातो. पुरवण्या बांधताना क्रम पाहावा. काळ्या पेनाने शीर्षक, निळ्याने मजकूर. प्रत्येक उत्तर ‘अशा प्रकारे जगाच्या इतिहासात या घटनेला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ या वाक्यावर संपवावं. अडलंत कुठं, तर ‘यातच दुसऱ्या महायुद्धाची बीजे पेरली गेली’ हे लिहावं. व्हर्सायच्या तहाला ते चालतं, जर्मनीच्या एकीकरणाला चालतं, १९२९च्या मंदीला चालतं, राष्ट्रसंघाच्या अपयशाला चालतं. व्हिएन्ना काँग्रेसला मी ते चाललेलं पाहिलं आहे.

प्रकल्प

शेवटी अंतर्गत गुणांचा प्रकल्प. मुलं आंतरजालावरून हिरोशिमा उतरवतात आणि वर रंगीत मुखपृष्ठ लावतात. तुम्हीही तसंच करा, गुण तेवढेच पडतात.

पण तुमचं गाव सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर अशा भरतीच्या मुलखातलं असेल, तर एक दुसरा मार्ग आहे. गावाच्या जुन्या चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एखादा लहान दगड बसवलेला सापडतो. त्यावर इंग्रजीत एवढंच : या गावातून महायुद्धावर इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साल १९१४ ते १९१९. नावं नाहीत, फक्त आकडे. भाऊबंदकीतल्या कुणाला विचारलं तर ‘बसऱ्याला गेलेले’ एवढंच सांगतात. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. तिथून वर नदीकाठाने कुतच्या वेढ्यापर्यंत मराठा पलटणी गेल्या, १९१६च्या एप्रिलमध्ये कुत पडलं आणि वाचलेले तुर्कांचे कैदी झाले. बसऱ्याच्या स्मारकावरसुद्धा ब्रिटिश मृतांची नावं कोरली गेली आणि हिंदी शिपायांचे बहुतेक ठिकाणी पलटणवार आकडेच. ज्या आयोगाकडे ही स्मारकं आहेत, त्याने या भेदाबद्दल २०२१ साली माफी मागितली.

म्हणजे तुमच्या गावचे ते ‘इतके’ कोण, हे बसऱ्यालाही लिहिलेलं नाही आणि गावातही नाही. ते शोधायला हॉब्सबॉमच्या कपाटाची किल्ली लागत नाही. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, तलाठ्याकडचे जुने फेरफार, कुणाच्या तरी पेटीत तळाशी असलेलं पदक किंवा पेन्शनीचा कागद, आणि देवळात बसणारी दोन-चार म्हातारी माणसं, एवढ्यावर सुरुवात होते. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन जा.

मात्र दिरंगाई करू नका. दर वर्षी यात्रेच्या आधी ग्रामपंचायत चावडीला ऑइलपेंट मारते आणि रंगारी दगड सोडत नाही. निम्मी अक्षरं गुलाबी थराखाली गेलेली असतात. रस्ता रुंद झाला तर भिंतच जाते. या सुट्टीत गावी गेलात की दगडाचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, आकडे वहीत उतरवून घ्या, आणि सरपंचांना सांगा, या वर्षी तेवढा दगड सोडून बाकीची भिंत रंगवा.